रुग्णालयात काय घडले, हे विचारायचे कोणाला?

रुग्णालयात माणूस दगावला आणि उपचारांत काहीतरी चुकले अशी शंका घरच्यांच्या मनात बसली, तर कायद्याने त्यांच्यापुढे तीन रस्ते ठेवले आहेत. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची मागणी करता येते, ग्राहक आयोगाकडे नुकसानभरपाई मागता येते आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल तक्रार करता येते. चौथा रस्ता कायद्यात नाही, पण मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागांत तो पुन्हा पुन्हा दिसतो. आरडाओरडा होतो, काचा फुटतात आणि समोर सापडेल त्या निवासी डॉक्टरच्या अंगावर जमाव धावून जातो. मार्च २०१७ मध्ये अशा हल्ल्यांच्या मालिकेनंतर मुंबईसह राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि रुग्णसेवा विस्कळीत झाली. त्या दिवसांत डॉक्टरांच्या सुरक्षिततेबद्दल पुष्कळ बोलले गेले, रुग्णांच्या हालांबद्दलही बोलले गेले. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच जागी असू शकते, हा विचार मात्र बाजूला पडला.

मला ते मूळ असे दिसते. आपल्याकडे वैद्यकीय जबाबदारीची सगळी चर्चा ‘दोषी कोण’ इथून सुरू होते. ‘घडले काय’ हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णाला किंवा त्याच्या वारसांना ठरावीक मुदतीत, त्यांना कळेल अशा भाषेत, लेखी देण्याचे बंधन आपण कोणावरही नीट घातलेले नाही. उत्तर मिळत नाही म्हणून शंका वाढते, शंकेचा आरोप होतो, आणि आरोप झाला की यापुढे एक शब्द बोलू नका, असा सल्ला रुग्णालयाचा वकील डॉक्टरला देतो. जे पहिल्या आठवड्यात समोरासमोर बसून सांगता आले असते, ते मग शपथपत्रांतून आणि उलटतपासणीतून, वर्षानुवर्षे, तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढावे लागते.

या विषयात कायदा मुका आहे असे मात्र कोणी म्हणू नये. डॉक्टरची रुग्णाप्रती कोणती कर्तव्ये असतात याची आजही आधाराला घेतली जाणारी मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये केली, आणि तो खटला आपल्याच मुलखातला होता. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेण्यात आले. तिथे पुरेशी भूल न देता आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून हाड बसवले गेले, त्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी वापरली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सर्वश्रेष्ठ तज्ज्ञाच्या तोडीचे कौशल्य न्यायालयाने मागितले नाही आणि रुग्ण बरा होण्याची हमी तर मुळीच मागितली नाही. न्यायालये डॉक्टरांकडून चमत्काराची अपेक्षा करतात, ही वैद्यकीय व्यवसायातली तक्रार म्हणूनच मला पटत नाही. तत्त्व पन्नास वर्षांहून अधिक काळ स्पष्ट आहे, आणि ते माफक आहे.

अडचण तत्त्वापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असे ठरवले. दिवाणी दाव्याच्या चक्रात पडणे ज्यांना परवडत नव्हते अशा असंख्य कुटुंबांसाठी दार उघडले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानंतर हे दार बंद झाले असा युक्तिवाद डॉक्टरांच्या एका संघटनेने केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. पण १९९५ च्याच निवाड्याने एक रेघ ओढली होती, ती आजही तशीच आहे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा या कायद्याच्या बाहेर, आणि नोंदणीपुरते नाममात्र पैसे घेतले म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. याचा मुंबईतला अर्थ असा होतो, की केसपेपर काढून सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ग्राहक म्हणवून घेण्यासाठी आधी कायद्याचा कीस पाडावा लागतो, आणि लाखोंचे बिल भरून खासगी रुग्णालयातून बाहेर पडलेला माणूस सरळ आयोगात जातो. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख दोन्ही कमी, त्याच्यासाठी दाद मागण्याचा रस्ता अधिक लांबचा, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

तो रस्ता किती लांबचा असू शकतो, हे औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातल्या एका प्रकरणाने दाखवले आहे. १९६३ मध्ये तिथे प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या पोटात टॉवेलसारखा कपडा राहून गेला आणि त्यातून तिचा मृत्यू झाला. सरकारी रुग्णालयातल्या या निष्काळजीपणाची भरपाई राज्य सरकारने दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून ठरायला १९९६ उजाडले. पोटात कपडा राहणे ही गोष्ट समजायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही तेहेतीस वर्षे लागली, कारण वाद शेवटपर्यंत ‘जबाबदार नेमके कोण’ याभोवती फिरत राहिला. ग्राहक कायद्यात आज तक्रार तीन महिन्यांत, आणि चाचणी लागली तर पाच महिन्यांत, निकाली काढण्याची अपेक्षा लिहिलेली आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी लढवणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा, ही मुदत पाळली जाते का.

फौजदारी रस्त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो असावा, पण क्वचित वापरला जावा. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवण्यासाठी निष्काळजीपणा साधा असून चालत नाही, तो ढळढळीत असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र आणि जाणकार डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे मत घ्यावे आणि आरोप झाला एवढ्यावरून डॉक्टरला अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, पण नोंदणीकृत डॉक्टरसाठी ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली गेली. हा फरक मला योग्य वाटतो. रात्री दोन वाजता अर्धवट माहितीवर निर्णय घेणाऱ्या माणसाला आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला एका तागडीत तोलता येत नाही.

शिवाय फौजदारी कायदा एका वेळी एका माणसाकडे पाहतो, आणि रुग्णालयातला अपघात बहुतेकदा अनेक हातांतून घडलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला, त्या प्रचंड चुंबकाने तो खेचून घेतला आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. डॉक्टरला आणि वॉर्डबॉयला अटक झाली. सिलिंडर आत नेऊ दिला ही चूक त्या क्षणी तिथे असलेल्यांचीच होती, यात शंका नाही. पण त्या दाराशी धातू शोधणारे यंत्र होते का, तिथे काम करणाऱ्या कंत्राटी आणि बदली कर्मचाऱ्यांना या यंत्राचा धोका कोणी शिकवला होता, नातेवाइकाच्या हातात सिलिंडर देण्याची वेळ का यावी, हे प्रश्न विचारायला पोलीस ठाणे ही जागा नव्हे. ते विचारले गेले नाहीत, तर पुढच्या वेळी वेगळ्या खोलीत वेगळे काहीतरी घडते आणि वेगळा वॉर्डबॉय पकडला जातो.

‘घडले काय’ हे कसून विचारले की उत्तर किती दूरवर जाते, याचा सर्वांत मोठा धडाही मुंबईनेच गिरवला आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिल्या गेलेल्या ग्लिसरॉलनंतर रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि चौदा जण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हा विषारी पदार्थ होता. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने ते ग्लिसरॉल कुठून आले, कोणी पुरवले, कोणी खरेदी केले, कोणी तपासायला हवे होते आणि तपासले नाही, हे धागे पकडले आणि ते रुग्णालयाच्या भांडारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि राजकीय वर्तुळापर्यंत जाऊन पोहोचले. हेच प्रकरण एखाद्या कुटुंबाने औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरविरुद्ध लढवले असते, तर काय हाती लागले असते? डॉक्टरने लिहिलेले औषध योग्य होते. बाटलीतला पदार्थ चुकीचा होता.

प्रत्येक मृत्यूसाठी आयोग नेमता येत नाही, हे उघड आहे. पण प्रत्येक मृत्यूमागे कागद असतात, आणि या कागदांपाशीच आपली व्यवस्था सर्वांत जास्त ढिली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तन नियमांत लिहिले आहे, की आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्याव्यात. मुंबई उच्च न्यायालयाने तर त्याही आधी, १९९६ मध्ये, रुग्णाला केसपेपरच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असे सांगितले होते. २०२३ मध्ये या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे वर्तन नियम आणले, त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. म्हणजे ७२ तासांचा हक्क आजही जिवंत आहे.

प्रत्यक्षात काय होते, ते मी आमच्या इमारतीतल्या एका काकूंबरोबर उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये पाहिले. काकांची फाइल मागायला गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने अगदी सभ्यपणे सांगितले, “काकू, फाइल मेडिक्लेमला गेलीये, पुढच्या आठवड्यात बघा.” पुढच्या आठवड्यात फाइल अकाउंट्समध्ये होती. मग मोठे डॉक्टर आल्याशिवाय देता येत नव्हती, मग वकिलाचे पत्र लागत होते. शेवटी माहिती अधिकार चळवळीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी नियमांचा हवाला देऊन लेखी अर्ज करून दिला, त्यावर पोच घ्यायला लावली आणि झेरॉक्स मिळाल्या. त्यांतले शेवटच्या रात्रीचे पान मी बराच वेळ पाहत होतो. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत दर तासाचा रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन, सगळे एकाच अक्षरात, एकाच शाईत, एका सरळ रेषेत, जणू एकाच बैठकीत लिहिलेले. दोन वाजताच्या आणि पाच वाजताच्या आकड्यांत काडीचा फरक नव्हता. त्या रात्री खरोखरच सगळे स्थिर असेल आणि पहाटे अचानक बिघडले असेल, हे शक्य आहे. नोंदी नंतर बसून भरल्या असतील, हेही शक्य आहे. काकूंना यांतले काय खरे, हे कधीच कळले नाही, आणि ग्राहक आयोगात गेल्या असत्या तरी कळले असते याची मला खात्री नाही.

मृत्यूच्या दाखल्याची कथा याहून बिकट आहे. मृत्यूचे वैद्यकीय कारण लिहिण्यासाठी रुग्णालयांत नमुना क्रमांक ४ वापरला जातो. हृदय बंद पडणे किंवा श्वास थांबणे हा मरणाचा प्रकार झाला. त्यामागचा आजार, दुखापत किंवा गुंतागुंत लिहा, अशी सूचना त्या नमुन्यातच असते. तरीही ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ हे दोन शब्द लिहून मोकळे होण्याची सवय सुटलेली नाही. जगात कोणीही गेले तरी शेवटी हृदय आणि श्वास थांबतातच, त्यामुळे हे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे आहे. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायदा दुरुस्त झाला आणि या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. ही दुरुस्ती फार कमी लोकांना माहीत आहे, आणि ती माहीत व्हायला हवी.

पोस्टमॉर्टेमचेही तसेच. मध्यरात्री आयसीयूच्या बाहेर ड्युटीवरचा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, विचारतो, “पीएम करायचंय का? नको असेल तर इथे सही करा.” त्या क्षणी घरच्यांना देह लवकर ताब्यात हवा असतो, गावाहून येणाऱ्यांना कळवायचे असते, चिरफाड नको असे घरातले वडीलधारे म्हणत असतात, आणि सही होते. वर्षभराने हेच कुटुंब तक्रार करते तेव्हा मृत्यू नेमका कशाने झाला हे सिद्ध करा असे त्यांना सांगितले जाते, आणि सिद्ध करण्याचा एकमेव खात्रीचा पुरावा चंदनवाडीच्या किंवा शिवाजी पार्कच्या स्मशानात जळून गेलेला असतो. शवविच्छेदन नाकारण्याचे परिणाम समजावून सांगणे हे सही घेणाऱ्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. निर्दोष डॉक्टरलाही त्याचा तितकाच उपयोग आहे, कारण शंकेचे भूत उतरवणारे दुसरे साधन त्याच्याकडेही नसते.

आता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे येतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त अपेक्षा हिच्याकडून करायला हवी आणि सर्वांत कमी चर्चा हिचीच होते. १९६५ च्या कायद्याने चालणाऱ्या या परिषदेचे कार्यालय चिंचपोकळीला, आर्थर रोड नाक्याजवळ आहे, आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त दोन्ही तिच्याकडे आहेत. नुकसानभरपाई देण्याचा अधिकार तिला नाही, तुरुंगात पाठवण्याचाही नाही. पण डॉक्टरला ताकीद देणे, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नोंदवहीतून नाव काढणे हे फक्त तीच करू शकते. एका रुग्णाला पैसे मिळाले म्हणून दुसरा रुग्ण वाचत नाही. धोकादायक हात वेळीच थांबवला किंवा सुधारला गेला तर वाचतो. म्हणून परिषदेचे काम न्यायालयाच्या कामाहून कमी महत्त्वाचे नाही.

हे काम कसे चालते ते पाहा. २००२ चे नियम तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय अपेक्षितात. चौकशी करणारे डॉक्टर, ज्याची चौकशी तो डॉक्टर, आणि सुनावणी बंद दाराआड. नाव नोंदवहीतून काढले तर त्याला वृत्तपत्रांतून व्यापक प्रसिद्धी द्यावी असे नियमच सांगतात, पण ज्या तक्रारी फेटाळल्या गेल्या किंवा ताकिदीवर निभावल्या त्यांत कोणत्या कारणाने काय ठरले, हे सामान्य माणसाला वाचायला मिळत नाही. आणि परिषदेच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल, तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३० स्पष्ट शब्दांत हा हक्क डॉक्टरला देते. ज्याच्या तक्रारीवरून चौकशी झाली त्या रुग्णाचा त्या वाक्यात उल्लेखही नाही. दोन पक्षांच्या वादात एकालाच अपिलाचा हक्क लिहून देणारा कायदा संसदेत मंजूर होतो आणि त्यावर गदारोळ होत नाही, याचे मला दुःख आहे.

डॉक्टरांची चौकशी डॉक्टरांनीच करावी, यामागचे तर्क मी नाकारत नाही. शस्त्रक्रियेत टाके कुठे घालायला हवे होते हे वकील किंवा पत्रकार ठरवू शकत नाही. पण जबाबदारीचे बरेचसे प्रश्न टाक्यांचे नसतात. रुग्णाला सांगितले होते का, तपासायला कोणी आले होते का, बोलावल्यावर किती वेळाने आले, नोंदी खऱ्या आहेत का, हे कोणताही शहाणा नागरिक ठरवू शकतो. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या वर्तनाच्या सुनावण्या वेगळ्या न्यायाधिकरणापुढे, सहसा उघडपणे होतात, मंडळावर डॉक्टर नसलेले सदस्य असतात आणि निर्णय प्रसिद्ध होतात. शिवाय २०१४ पासून तिथल्या रुग्णालयांवर, उपचारांत इजा झाली तर ती रुग्णाला स्वतःहून सांगण्याचे कायदेशीर बंधन आहे. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. पण आपल्या परिषदेच्या चौकशी समितीवर एखादा निवृत्त न्यायाधीश आणि रुग्णहक्कांचे काम करणारी एखादी व्यक्ती असायला, आणि निर्णय, रुग्णाचे नाव वगळून, संकेतस्थळावर टाकायला नेमकी हरकत काय, याचे पटण्यासारखे उत्तर मी ऐकलेले नाही.

परिषदेच्या कक्षेची आणखी एक मर्यादा आहे. तिचा हात फक्त डॉक्टरपर्यंत पोहोचतो. रुग्णालयाचा मालक डॉक्टर नसेल, तर डिपॉझिटसाठी दाखल करून न घेणारा, आयसीयूत रात्रीसाठी अपुऱ्या अनुभवाचा माणूस ठेवणारा, परिचारिकांची संख्या निम्म्यावर आणणारा मालक तिच्या टप्प्यातच येत नाही. अशा प्रसंगी ‘तज्ज्ञ डॉक्टर आमचे नोकर नाहीत, ते बाहेरून येतात’ हा बचाव रुग्णालये हमखास करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच तो नाकारला आहे. रुग्ण रुग्णालयावर विसंबून दाखल होतो, म्हणून डॉक्टर पगारी असो वा बाहेरून येणारा, उत्तर रुग्णालयाने द्यायचे. रुग्णालयांवर लक्ष ठेवण्याचे काम १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने मुंबईत महापालिकेकडे आहे. २०२१ मध्ये त्या कायद्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद आली. सनद आता अनेक ठिकाणी भिंतीवर लागलेली दिसते, बहुधा लिफ्टच्या शेजारी. तिच्या खालच्या क्रमांकावर फोन केल्यावर पुढे काय झाले, याचा हिशेब पालिकेने दरवर्षी विभागवार जाहीर करावा, एवढी मागणी तरी नगरसेवकांनी लावून धरायला हवी.

एका वेगळ्या प्रश्नाचा उल्लेख इथेच करायला हवा, कारण त्यातही परिषदेच्या कक्षेचाच पेच आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या पद्धतीचे शिक्षण घेतलेले नाही त्या पद्धतीचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा दिली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून मोठा वाद पेटला. वर्षभराचे शिक्षण पुरेसे आहे का, हा त्यातला गाजलेला मुद्दा झाला. माझी चिंता त्याहून साधी आहे. अशा डॉक्टरच्या औषधाने इजा झाली, तर त्याला कोणत्या मापाने मोजायचे आणि कोणत्या परिषदेने? ॲलोपॅथी आणि होमिओपॅथी या दोन्हींच्या परिषदांमध्ये तक्रार लोंबकळत राहिली, तर नुकसान त्याच वस्तीतल्या माणसाचे होईल, जिथे दुसरा डॉक्टर रात्री उपलब्धच नसतो.

डॉक्टरांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्यावरचा हिंसाचार थांबलाच पाहिजे, आणि २०१० च्या राज्याच्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा केला आहे हे योग्यच झाले. पण ज्याच्यावर जमाव धावून जातो तो निवासी डॉक्टर बहुतेकदा या व्यवस्थेतला सर्वांत कमी अधिकार असलेला माणूस असतो. निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून अधिक राबवू नये, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटले होते. पालिका किंवा सरकारी रुग्णालयात रात्र काढलेल्या कोणालाही विचारा, सकाळी भेटलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारीही तिथेच असतो. अशा माणसाने तीस तासांनंतर डोस चुकवला, तर त्याच्याइतकाच दोष त्या ड्युटीच्या यादीवर सही करणाऱ्याचा आहे. जबाबदारी वरपर्यंत नेण्याची मागणी रुग्णांच्या संघटनांइतकीच मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेनेही करायला हवी, कारण वर न पोहोचलेली जबाबदारी खाली, त्यांच्याच अंगावर कोसळते.

मला सुचणारा उपाय मोठा नाही, आणि त्याचा नमुना आपल्याच आरोग्य यंत्रणेत आहे. माता दगावली तर तिच्या मृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत सरकारने घालून दिली आहे. त्यात कोणाला शिक्षा करायची हे ठरवत नाहीत. उशीर कुठे झाला, घरी, वाटेत की रुग्णालयात, हे शोधतात. पालिकेच्या केईएम, सायन, नायर आणि कूपर या चार रुग्णालयांनी हीच पद्धत प्रत्येक अनपेक्षित मृत्यूला लावावी. ज्या विभागात मृत्यू झाला त्याच्या बाहेरच्या डॉक्टरांनी आणि एका नागरिक प्रतिनिधीने नोंदी तपासाव्यात, महिन्याच्या आत कुटुंबाला बोलावून काय घडले ते मराठीत किंवा त्यांच्या भाषेत सांगावे आणि दोन पानी अहवाल हातात द्यावा. मोफत उपचार घेणाऱ्या ज्या रुग्णांसाठी ग्राहक आयोगाचे दार अर्धे बंद आहे, त्यांच्यापासून सुरुवात झाली तर ते न्याय्यही होईल.

यावर डॉक्टर एक खरा आक्षेप घेतात. असा अहवाल उद्या खटल्यात आमच्याविरुद्ध वापरला जाईल, मग खरे कोण सांगेल? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, आणि तो दूर करायला कायदाच हवा. अन्वेषणाच्या बैठकीत डॉक्टरने किंवा परिचारिकेने दिलेले निवेदन त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, मात्र मूळ नोंदी आणि घटनांचा क्रम कुटुंबाला मिळेलच, अशी दुहेरी तरतूद करता येते. नोंदींत मागाहून फेरफार केल्याचे आढळले तर मात्र हे संरक्षण पूर्णपणे काढून घ्यावे आणि प्रकरण थेट परिषदेकडे जावे. पुराव्याचा कायदा केंद्राचा असल्याने या तरतुदीसाठी विधिमंडळापाशी थांबून भागणार नाही, दिल्लीपर्यंत जावे लागेल. अन्वेषणाची बैठक सुरू करणे आणि ७२ तासांत कागद देणे यासाठी मात्र पालिका आयुक्तांचे परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते काढायला आज त्यांना कोणताही कायदा अडवत नाही.